रविवारचा धूर

आमच्या गाडीत माणसं दोन बसतात आणि ती चालू करायला पाच लागतात. 1968 सालची, विलायती, टप मागं दुमडणारी, लालभडक. बेळगावच्या कॅम्पातले एक निवृत्त कर्नल मुलाकडं परदेशी निघाले तेव्हा त्यांनी ती मला दिली. दिली म्हणजे विकलीच, खरं किल्ली हातात ठेवताना त्यांचा चेहरा असा झाला होता की, आपण मागणी घालायला नारळ घेऊन आलो नाही याची मला लाज वाटली. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढं जे घडलं त्यात तिचा काही दोष नाही.

गाडी दारात आली तेव्हा सगळी गल्ली लाल रंगावर हात फिरवत होती. बाबांनी मात्र बॉनेट उघडायला लावलं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डर म्हणून आयुष्य काढलेला माणूस! धुराड्याच्या तोंडाशी इंजिनाला लागून असतो त्या मॅनिफोल्डवर त्यांनी बोटाची टिचकी मारली, कान दिला आणि म्हणाले, "बीड चांगलं आहे. सांभाळ." बीड म्हणजे ओतीव लोखंड.

सांभाळणं म्हणजे काय, तर जून ते सप्टेंबर ताडपत्री. बेळगावच्या पावसात छत्री उलटी होते, तिथं कापडी टपाची काय कथा! उरलेल्या महिन्यांत दर रविवारी सकाळी दहा मिनिटं चालू करून बंद करायची. गेल्या वर्षात ती चाळीस किलोमीटर पळाली, त्यातले निम्मे पेट्रोल पंपापर्यंतचे. चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं चार वर्षं ठरतंय.

दसरा झाल्यावरच्या रविवारी ताडपत्री काढली, गाडी चालू केली आणि पाचव्या मिनिटाला बॉनेटच्या फटीतून धूर आला. बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, तिथं बंब पेटवलाय का? आणि भजी कोण तळायलंय सकाळी सकाळी?" समोरचे निवृत्त गुरुजी बादली घेऊनच आले. पाणी ओतू नका म्हणून मी आडवा पडलो.

मग माझा अभ्यास सुरू झाला. धुराला रंग असतो. काळा म्हणजे पेट्रोल जादा, चोक ओढलेला राहिला असेल. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा दाट, गोडसर वासाचा म्हणजे रेडिएटरचं पाणी सिलिंडरात शिरलंय. तेव्हा खिशाला हात लावून खाली बसावं. पांढरा विरळ असेल तर ती नुसती वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं, आणि माझ्यासारखे दहा मिनिटांत गाडी बंद करणारे लोक ते सायलेन्सरमध्ये साठवून तो आतून कुजवतात. हे वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. खरं हे सगळं मागच्या नळीतून येणाऱ्या धुराचं शास्त्र. आमचा धूर पुढं, मॅनिफोल्डवरून, निळसर-पांढरा आणि भूक लागेल अशा वासाचा. तो कुठल्याच रकान्यात बसेना.

मंगळवारी मेस्त्री आले. गाडी वीस मिनिटं चालवली. धूर नाही. उदबत्तीएवढासुद्धा नाही. मेस्त्रींनी माझ्याकडं, डॉक्टर सर्दी नसलेल्या पोराकडं बघतात तसं बघितलं. रविवारी पुन्हा बोलावलं तर भरपूर धूर. ते वाकले, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "एण्णी री. एण्णी सुडाक हत्तेती."

म्हणजे तेल जळतंय. एवढं कानडी मला येतं. ऑइल! माझं निदान तयारच होतं. या इंजिनात वरच्या झाकणाखाली कॉर्कची गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, असते. ती वाळली की ऑइल झिरपून थेट तापल्या मॅनिफोल्डवर पडतं. अशा जुन्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. मी मेस्त्रींना तावातावानं समजावलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग खांदे उडवले. "आयतु, बदलूया की."

शहापुरात एकानं कॉर्कच्या पत्र्यातून गॅस्केट कापून दिली. झाकण बसवायला फक्त दोन नट, आणि ते मी स्वतः आवळले. "साकु री, साकु," पुरे, पुरे, असं मेस्त्री म्हणत होते. मी आणखी अर्धा फेरा दिला. आपल्या गाडीला आपला हात लागला की समाधान वेगळंच.

पुढच्या रविवारी धूर. त्याच्या पुढच्याही. मॅनिफोल्ड घासून पुसला, उंदराचं घरटं शोधलं, तिथं शेंगांची टरफलं सापडली, तीही काढली. सोमवार ते शनिवार गाडी संत, रविवारी अंगात येतं. गुरुजींनी अमावस्या-पौर्णिमेशी ताळा जमवून बघितला.

सहाव्या आठवड्यात शनिवारी मी लवकर घरी आलो. बॉनेट उघडं. बाबा आत वाकलेले, एका हातात चिंधी, दुसऱ्या हातात मारुतीला घालून उरलेल्या तेलाची बाटली. मॅनिफोल्डला ते नीट, कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून गोडेतेल चोळत होते.

"बाबा, हे काय करायलाय?"

"बीड आहे ते. तेलाचा हात दिला नाही तर गंजतंय. तुझी आई बिडाचा तवा काय तसाच ठेवते?"

"किती दिवस?"

"दसऱ्यापासनं. दर शनिवारी. देवाचं तेल आहे, वाया कशाला घालवायचं?"

घाण्याचं शेंगतेल 160 अंशांच्या आसपास धुरायला लागतं. मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढं जातो. म्हणजे सहा रविवार आम्ही दारात 1275 सीसीची कढई तापवत होतो.

मेस्त्रींना फोन केला. ते जराही चकित झाले नाहीत. "नान मोदलेच सांगितलं की. एण्णी. अडगी एण्णी री, भजीची. तुम्हीच इंजिन, इंजिन म्हणून नाचायला लागला."

कानडीत दोन्ही तेलं एण्णीच, आणि मराठीत तरी वेगळं काय! खरं माझ्या डोक्यात 'ऑइल' बसलं होतं. सीमाप्रश्न 1956 पासूनचा आहे. आमच्या दोघांतला सहा आठवड्यांत सुटला, तेही कोर्टात न जाता.

बाबांनी तेल बंद केलं, जरा रुसूनच. पुढच्या रविवारी मेस्त्री, गुरुजी, बायको, सगळे जमले. गाडी चालू केली. पाच मिनिटं, सात मिनिटं, स्वच्छ. गुरुजी बादली घेऊन परत निघाले, आणि आठव्या मिनिटाला झाकणाच्या कोपऱ्यातून, जिथं मी अर्धा फेरा जादा दिला होता तिथून, कॉर्कचा फाटका तुकडा बाहेर डोकावला. त्याच्या मागून एक काळा थेंब. मग निळा धूर.

मेस्त्रींनी वाकून, डोळे मिटून वास घेतला.

"हां री," ते म्हणाले. "ईग इंजिन एण्णी."