सीमारेषा आखू इच्छिणाऱ्यांच्या सेवेसी

दोन देशांमध्ये रेघ ओढण्याचे काम आपल्या वाट्याला आलेच, तर त्या भूमीशी आपला पूर्वपरिचय नाही याची आधी खात्री करून घ्यावी. सर सिरिल रॅडक्लिफ 8 जुलै 1947 रोजी आयुष्यात प्रथमच भारतात उतरले आणि पंजाब व बंगालची वाटणी त्यांनी जेमतेम पाच आठवड्यांत उरकली. आपल्याकडे दोन एकरांचे भाऊबंदकीतले वाटप दिवाणी न्यायालयात तीन पिढ्या चालते. निवाडा तयार झाला, तरी जाहीर करण्याची घाई नको. आधी झेंडे लागू द्यावेत आणि मग 17 ऑगस्टला कळवावे, की मुर्शिदाबादेतला पाकिस्तानचा आणि खुलन्यातला भारताचा, असे दोन्ही झेंडे उतरवायचे आहेत.

जुना गुंता आढळल्यास तो सोडवत बसू नये. कूचबिहार संस्थान आणि मुघल यांच्या जुन्या तहांतून एकमेकांच्या मुलखात सुटे तुकडे राहिले होते (बंगालीत त्यांना ‘छिटमहल’ म्हणतात). पुढे त्यांच्याभोवती राष्ट्रे उभी राहिली आणि तिथल्या भाताच्या खाचरांना आपोआप परराष्ट्र धोरण लाभले. बांगलादेशात भारताचे 111 तुकडे, भारतात बांगलादेशाचे 51. त्यांतले दहाला खगराबारी हे भारताचे शेत बांगलादेशी तुकड्यात होते, तो तुकडा भारतीय तुकड्यात आणि तो पुन्हा बांगलादेशात. रहिवाशाला स्वतःच्या देशात जाण्यासाठी व्हिसा लागे आणि तो काढण्यासाठी आधी परका देश चोरून ओलांडावा लागे. भारताने वेढलेल्या तुकड्यांतली काही मुले तर शाळेत नाव घालताना एखाद्या भारतीय गृहस्थाला कागदोपत्री बाप करून घेत. सार्वभौमत्वाचा इतका घरगुती आविष्कार क्वचितच पाहायला मिळतो. अदलाबदलीचा करार 1974 मध्ये झाला आणि ती प्रत्यक्षात आली 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री, यावरून आपणही कामाचा वेग ठरवावा.

जमीन संपल्यावर चिखल निवडावा. कच्छजवळच्या सर क्रीकबाबत मुंबई सरकारच्या 1914 च्या ठरावाचा आधार दोन्ही देश घेतात: पाकिस्तान नकाशातली पूर्व काठाची हिरवी रेघ दाखवतो, तर भारत प्रवाहाचा मध्य. खाडीही भिडस्त नसल्याने अधूनमधून पात्र बदलते. तिच्या मुखाशी हद्द ठरत नाही तोवर पुढे समुद्रातही ती ठरत नाही, आणि या प्रश्नाचा सखोल अभ्यास करण्याची संधी पालघर जिल्ह्यातून गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेल्या खलाशांना कराचीच्या तुरुंगात मिळते, तीही विनाशुल्क.