‘खरा पुरुष एका रात्रीत दारू सोडतो’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेले काही महिने मुंबईतल्या सोसायट्यांच्या, मंडळांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचा गोषवारा असा : दारू सुटत नाही ही मनाची कमजोरी आहे, खरा पुरुष एकदा ठरवले की एका रात्रीत सोडतो, व्यसनमुक्ती केंद्रे हा पैसे उकळण्याचा धंदा आहे, कारण तिथून परतलेले बहुतेक जण पुन्हा पितातच, त्यात आता ‘पुरुषांसाठी खास कार्यक्रम’ निघाले आहेत, म्हणजे बेवड्यांचे लाडच, त्यापेक्षा बायकोने जेवणातून गुपचूप गोळी द्यावी, आणि तरीही ऐकले नाही तर चार माणसे लावून उचलून न्यावे आणि डांबावे. व्यसनी पुरुषांच्या कुटुंबीयांबरोबर माझे काम चालते आणि हा मजकूर मोबाइलवर दाखवून ‘हे खरे आहे का?’ असे विचारणारी माणसे मला सतत भेटतात. म्हणून त्यातल्या एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान एका रात्रीत सोडण्याचे. संपूर्ण मजकुरातले सर्वांत धोकादायक वाक्य हेच आहे. दारू मेंदूतली उत्तेजना दाबून ठेवते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू या दाबाला सरावतो आणि त्याच्या विरोधात आपली उत्तेजना वाढवून तोल सांभाळतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, वाढलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. आधी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येते आणि काहींना साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भ्रम, ताप आणि बेभान अवस्था येते. या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतू शकते.

परळच्या एका चाळीत मी हे पाहिले आहे. घरातल्या कर्त्या माणसाने, व्यवसायाने टेलर, देवापुढे शपथ घेऊन दारू सोडली होती. तिसऱ्या रात्री तो खाटेवर उठून बसला आणि नसलेल्या सुईत नसलेला दोरा ओवू लागला. दोरा ओवला की डाव्या हाताने हवेतले कापड सरकवायचा, पायाने मशीन मारायचा, मधेच दचकून अंगावरचे किडे झटकायचा. बिछाना घामाने चिंब झाला होता. थोरल्या भावाला ही बाहेरची बाधा वाटली आणि अंगारा आणायला एक मुलगा धावलासुद्धा. त्या टेलरला वेळेवर रुग्णालयात नेले, शिरेतून बी-१ जीवनसत्त्व आणि मेंदू शांत करणारी औषधे दिली, म्हणून तो वाचला. त्याचा निश्चय कुठेही कमी पडला नव्हता; कमी पडली ती डॉक्टरची देखरेख. रोज सकाळी उठल्यावर हात स्थिर होण्यासाठी ज्याला दारू लागते, त्याने ती सोडावी ती डॉक्टरला विचारूनच. असे सोडण्यात पुरुषार्थ कमी होत नाही.

आता ‘मनाची कमजोरी’. दारूचे अवलंबित्व हा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे वर्गीकरण मानते. आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतो. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून या आजाराच्या धोक्यातला जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे दिसून आले आहे. उरलेल्या निम्म्यात घर, काम, संगत, दारूची उपलब्धता आणि मनावरचे जुने घाव येतात. निश्चयाला यात जागा नाही, असे कोणीही म्हणत नाही. उपचार घेण्याचा, औषध रोज घेण्याचा, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाण्याचा निश्चय रुग्णालाच करावा लागतो. पण ‘कमजोर’ हा शिक्का बसला की पुरुष नेमका हाच निश्चय करत नाही, कारण दवाखान्याची पायरी चढणे म्हणजे आपला कमकुवतपणा चारचौघांत कबूल करणे, असे त्याला वाटू लागते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात आणि स्त्रियांमध्ये हेच प्रमाण १.६ टक्के आहे. त्याच सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेल्या ३७ जणांना घरी थांबवून ठेवणारी कारणे अनेक असतील, पण हा शिक्का त्यांतले एक मोठे कारण आहे, अशी माझी खात्री आहे.

‘पुरुषांसाठी खास कार्यक्रम म्हणजे लाड’ या विधानाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण चांगल्या शिकलेल्या माणसांनाही ते पटते. त्यांचा युक्तिवाद असा की, आपल्याकडची बहुतेक केंद्रे आधीच पुरुषांनी भरलेली आहेत, मग वेगळे काय करायचे राहिले? खाटांवर पुरुष असणे आणि उपचार पुरुषांच्या अडचणी ओळखून आखलेले असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. (व्यसनी स्त्रियांसाठी खाटा फारच अपुऱ्या आहेत, आणि तो अन्याय स्वतंत्रपणे मांडण्याजोगा आहे.) अमेरिकेत स्त्रियांच्या गरजांनुसार उपचार आखण्याचा विचार १९७० च्या दशकात जोर धरू लागला, पुरुषांच्या गरजांवर तिथल्या सरकारी यंत्रणेने स्वतंत्र मार्गदर्शिका काढली ती २०१३ मध्ये. तोवर ‘पुरुष’ हेच गृहीत माप होते आणि म्हणूनच पुरुष म्हणून त्याला काय अडते, हे कोणी विचारले नव्हते.

काय अडते ते उपचारासाठी आलेल्या पुरुषांच्या गटाच्या पहिल्या बैठकीत दिसते. ‘कसं वाटतंय?’ असे विचारले की वर्तुळातले सगळे पुरुष ओळीने ‘बरंय’ म्हणतात. लहानपणापासून रडू नकोस, सांगत बसू नकोस, सहन कर, असे ऐकत वाढलेल्या माणसाजवळ याहून वेगळे उत्तर तयारच नसते. जाणता समुपदेशक तिथे भावनांचा आग्रह धरत नाही. तो शनिवारचा पगार विचारतो. पगार हातात किती वाजता पडतो, बरोबर कोण असते, पहिला पेग कोण पाजतो, घरी पोचायला किती वाजतात. साकीनाक्याच्या गाळ्यात काम करणाऱ्या एका फिटरने असाच आपला रस्ता सांगितला होता : गाळ्यातून बाहेर पडायचे, रिक्षा पकडायला कोपऱ्यापर्यंत चालायचे, कोपऱ्यावर देशी बार, तिथे नाइंटी, मग दुसरी. रिक्षा सोडून मेट्रोने घाटकोपर गाठायचे आणि पगार थेट बँकेत जमा करून घ्यायचा, असे गटात ठरले. पहिली गोष्ट त्याने लगेच मान्य केली. दुसरीला मात्र तो अडून बसला, कारण एटीएम कार्ड काही महिने पत्नीकडे ठेवावे लागणार होते आणि ‘बायकोकडे हात पसरायचा का?’ हा प्रश्न त्याला दारूच्या तलफेहून जड वाटत होता. त्या दिवशी गट उरलेला सगळा वेळ याच प्रश्नावर बोलला. ज्या कार्यक्रमात या प्रश्नाला जागा नसते, त्यातून माणूस दारू थांबवून घरी जातो आणि पुढच्या शनिवारी त्याच कोपऱ्यावर उभा राहतो.

याहून खोल अशाही गोष्टी असतात. दीर्घकाळच्या दारूने लैंगिक क्षमता कमी होते. पुरुष ते कोणाजवळ बोलत नाही आणि त्यातून पत्नीच्या चारित्र्यावर संशय घेऊ लागतो. लहानपणी बापाचा बेदम मार खाल्लेले किंवा लैंगिक अत्याचार सोसलेले पुरुष तो विषय पहिल्यांदा काढतात तो पुष्कळदा अशा पुरुषांच्याच गटात, तेही कित्येक बैठकांनंतर. आत्महत्येचा धोकाही असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते, आणि दारू वा अमली पदार्थांचे व्यसन हे कारण ६.८ टक्के आत्महत्यांपुढे नोंदलेले होते. घरात हात उचलणाऱ्या पुरुषाला चांगला कार्यक्रम पाठीशी घालत नाही. ‘दारूच्या नशेत झालं’ ही सबब तिथे चालत नाही. पत्नी आणि मुलांनी जे सोसले ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावे लागते, उलट उत्तर न देता. याला लाड म्हणणाऱ्याने अशा एका बैठकीत बसून पाहावे.

पुरुषांसाठी नेमकेपणाने आखलेल्या उपायाचा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. तिथे संगत या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाचा एक छोटा कार्यक्रम आखला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. भेटी जास्तीत जास्त ४. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३ महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष घातक पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. ही काही जादू नाही, पण एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पडत असेल, तर त्याला पैशाची नासाडी म्हणता येत नाही.

‘परतलेले पुन्हा पितातच’ हे विधान अर्धे खरे आहे. रिलॅप्स, म्हणजे सुटलेले व्यसन पुन्हा लागणे, होतो आणि पुष्कळांना होतो. सर्वसाधारणपणे ४० ते ६० टक्के असा अंदाज सांगितला जातो. पण रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांमध्ये औषध-पथ्य सुटून आजार उलटण्याचे प्रमाणही याच आसपास किंवा थोडे अधिक आहे, आणि म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाला गोळ्या बंद करा असे आपण सांगत नाही. उपचार वाढवतो, बदलतो. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत, ब्राउन शुगरसाठी (म्हणजे भेसळीच्या हेरॉइनसाठी) ब्युप्रेनॉर्फिन आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थासाठी असे पर्यायी औषध नाही, तिथे समुपदेशनावरच भिस्त ठेवावी लागते. ब्राउन शुगर घेणाऱ्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस पुन्हा घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जपण्याचे असतात.

पैसे उकळण्याच्या धंद्याविषयी थोडक्यात. लुबाडणारी केंद्रे आहेत, हे नाकारून चालणार नाही. परंतु केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत अल्प खर्चात तपासून घेता येते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच परस्परमदत संघटनेच्या मीटिंगा मुंबईभर होतात आणि त्यांना फी नसते. वांद्र्यात १९८१ पासून काम करणारे कृपा फाउंडेशन किंवा पुण्यात १९८६ पासून उभे असलेले मुक्तांगण यांच्याकडे पाहून कोणी ‘धंदा’ हा शब्द वापरणार नाही.

गुपचूप गोळीचा सल्ला बायकांना दिला जातो आणि काही घडले की दोषही त्यांच्याच माथी येतो, म्हणून त्याविषयी मला तीव्रतेने लिहावेसे वाटते. ही गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. ती घेतलेली असताना दारू पोटात गेली की ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य शरीरात साचते. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयाचा किंवा यकृताचा आजार असणारा माणूस दगावूही शकतो. गोळी थांबवल्यानंतरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तपासण्या करून, रुग्णाची संमती घेऊन, त्याला सगळे समजावून आणि घरच्यांच्या देखरेखीखाली दिल्यास ते उपयोगी औषध आहे. त्याला न सांगता भाजीतून देणे हा विषप्रयोग आहे. ताई, वहिनी, कोणीही कितीही आग्रह केला तरी हे करू नका.

राहता राहिले उचलून नेऊन डांबणे. २०१७ च्या कायद्याने साखळदंड घालणे बंद केले आहे, क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण हा रुग्णाचा हक्क मानला आहे आणि असे उपचार करणाऱ्या आस्थापनांना नोंदणी बंधनकारक केली आहे. रुग्णाच्या संमतीविना दाखल करण्याची सोय कायद्यात आहे, पण ती नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर, मानसोपचारतज्ज्ञासह दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यानंतर आणि प्रथम जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. तीही सरसकट नाही. स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता दिसली तरच. रात्री गाडीत कोंबून नेणाऱ्या माणसांना हा अधिकार कोणी दिलेला नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतून अशा बेकायदा केंद्रांत मारहाणीने माणसे मेल्याच्या बातम्या आलेल्या आहेत.

ज्यांच्या घरी आज हा प्रश्न आहे, त्यांनी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करावा. केंद्र निवडण्यापूर्वी नोंदणी क्रमांक मागावा. पहिल्या आठवड्यात डॉक्टर रोज येतात का, रुग्णाला घरच्यांशी बोलू देतात का, पत्नी आणि मुलांसाठी वेगळी बैठक असते का, हे विचारावे. घरी सोडल्यावर फॉलोअप किती महिने चालतो आणि कामावर जाणाऱ्याला संध्याकाळी किंवा रविवारी येता येते का, हेही विचारावे. या प्रश्नांची सरळ उत्तरे देण्याऐवजी ‘तुम्ही फक्त पत्ता सांगा, आमची माणसे उचलून आणतील’ असे कोणी म्हणाले, तर पत्ता सांगू नये.