‘मुंबईच्या रस्त्यांवर नॉबी टायरच हवेत’ या दाव्याचा प्रतिवाद

मुंबई-ठाण्यातील मोटारसायकलस्वारांच्या गटांत एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा की, ज्यांच्याकडे एक्सपल्स किंवा हिमालयनसारखी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे पक्क्या रस्त्यावर आणि मातीच्या वाटेवरही चालणारी गाडी आहे, त्यांनी ती केवळ ऑफिसला जाण्या-येण्यासाठी वापरली तरी तिला नॉबी, म्हणजे मोठ्या रबरी ठोकळ्यांचे टायरच ठेवावेत, रोड टायर लावू नयेत. कारण ते इथल्या खड्ड्यांत टिकत नाहीत, पावसात पाणी कापण्यासाठी मोठे ठोकळे आणि खोल खाचाच लागतात, 21 इंची पुढच्या चाकावर रोड टायर चढवला की गाडीचा तोल बिघडतो, टायर बदलल्यामुळे विम्याचा दावा नाकारला जातो, आणि एवढे करून पैसेही वाया जातात. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत आणि पावसाविषयीचे विधान तर धोक्याचे आहे. या लेखात ‘रोड टायर’ म्हणजे कंपनीने दिलेल्याच मापाचा, पण डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यासाठी घडवलेल्या नक्षीचा टायर, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

खड्ड्यात चाक आदळते तेव्हा रिम वाचते ती टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, आतील हवेचा योग्य दाब, चाकाचा मोठा व्यास आणि सस्पेन्शनचा प्रवास (चाक वर-खाली हलू शकते ते अंतर) या चार गोष्टींमुळे. एक्सपल्स 200 च्या पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास 190 मिलिमीटर आहे, तर 411 सीसीच्या हिमालयनचा 200 मिलिमीटर. दोन्हींचा पुढचा टायर 90/90-21 मापाचा आहे, म्हणजे 90 मिलिमीटर रुंदीच्या 90 टक्के, साधारण 81 मिलिमीटर उंच भिंतीचा. त्याच मापाचा रोड टायर लावल्यास यातील एकही आकडा बदलत नाही. ठोकळ्यांचे काम मऊ जमिनीत रुतून पकड घेण्याचे आहे. खड्ड्याच्या कडेचा मार शोषण्याचे काम त्यांच्याकडे नाही. रिम वाकण्यामागे बहुधा हवा कमी असणे हेच कारण असते. रविवारी मातीच्या वाटेवर जाताना हवा उतरवायची आणि सोमवारी ती न भरताच एलबीएस मार्गावर यायचे, ही सवय कोणत्याही नक्षीच्या टायरला महागात पडते.

पावसाचा मुद्दा अधिक सविस्तर पाहिला पाहिजे, कारण हा सल्ला त्याच भीतीवर उभा आहे. पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग प्रामुख्याने टायरमधील दाबावर अवलंबून असतो. विमानांच्या टायरांवरील संशोधनातून नासाने मांडलेला ढोबळ नियम असा की, दाबाच्या पीएसआयमधील आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला 9 ने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. दाब 25 पीएसआय धरला तर उत्तर येते 45 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 83 किलोमीटर. शिवाय मोटारसायकलचा टायर गोलाकार आणि अरुंद असल्यामुळे तो पाणी बाजूला सारत जमिनीपर्यंत पोहोचतो आणि मोटारीच्या सपाट टायरपेक्षा कमी सहज तरंगतो. भर पावसात एस. व्ही. रोडवर किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर वाहतूक ज्या वेगाने सरकते, तो वेग या मर्यादेच्या जवळपासही नसतो. म्हणजे ‘पाणी कापण्यासाठी’ मोठ्या ठोकळ्यांची जी गरज सांगितली जाते, ती आपल्या रोजच्या प्रवासात मुळात उद्भवतच नाही.

गरज असते ती ओल्या, कठीण आणि गुळगुळीत पृष्ठभागावर जास्तीत जास्त रबर टेकण्याची, आणि नॉबी टायर नेमका तिथे कमी पडतो. ठोकळ्यांमधील मोकळी जागा जितकी मोठी, तितके जमिनीला लागणारे रबर कमी. त्यातच ब्रेक लावताना प्रत्येक सुटा ठोकळा उभे धरून घासलेल्या खोडरबरासारखा वाकतो, त्याची कडच टेकते आणि पकड आणखी घटते. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ते लवकर कामाला लागते आणि थांबण्याचे अंतर वाढते. एक्सपल्स 200 सारख्या गाडीला एबीएस फक्त पुढच्या चाकाला असल्यामुळे मागचे चाक सरकू लागले तर ते सावरणे सर्वस्वी चालकावर येते. रोड टायरच्या रबराचे मिश्रण बहुधा ओल्या रस्त्यावर चिकटून राहील असे बेतलेले असते आणि त्यातील बारीक चिरा पाण्याचा पातळ थर बाजूला काढतात. मुंबईत ओले पृष्ठभाग म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणावे: सिमेंट काँक्रीटचे नवे रस्ते, झिजून चकचकीत झालेले पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलांवरील मॅस्टिक डांबर आणि सांधे, झेब्रा क्रॉसिंगचे जाड रंगाचे पट्टे. यांपैकी एकाही ठिकाणी ठोकळ्याला रुतायला जागा नाही. खोदकामावर अंथरलेल्या लोखंडी पत्र्यांवर आणि मॅनहोलच्या झाकणांवर तर कोणताच टायर पुरेसा धरत नाही. तिथे गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता पार होणे हाच उपाय आहे. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येते, त्यालाही हेच लागू आहे.

सल्ला देणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र मान्य केले पाहिजे. ट्रकच्या चाकांबरोबर बांधकामाची माती बाहेर येऊन रस्त्यावर तिचा जाड चिखल होतो, तिथे रोड टायरच्या खाचा भरून जातात आणि नॉबी टायर सरस ठरतो. ज्यांच्या घराकडे जाणारा रस्ताच असा कच्चा आहे, त्यांनी मधल्या प्रकारचा, रस्त्याकडे झुकणारा ड्युअल-पर्पज टायर निवडावा. पण प्रवासातील एका छोट्या टप्प्यासाठी उरलेल्या सगळ्या पक्क्या रस्त्यावरची पकड गमावणे मला पटत नाही.

21 इंची चाकाचा आक्षेप दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. पुढचे मोठे चाक सावकाश वळते, हे त्या गाडीच्या भूमितीमुळे, आणि टायरच्या नक्षीने त्यात फारसा फरक पडत नाही. उलट रोड टायरची गोलाई सलग असल्यामुळे गाडी वळणात एकसारखी झुकते आणि ठोकळ्यावरून ठोकळ्यावर जातानाची थरथर थांबते. तोल खरोखर बदलतो तो 17 इंची चाके बसवल्यावर: गाडीची उंची, पुढच्या फोर्कचा कोन, स्पीडोमीटरचे वाचन असे सगळेच हलते. हिरोने 2019 मध्ये एक्सपल्स 200 सोबतच एक्सपल्स 200टी आणली, तेव्हा तिला 17 इंची चाकांबरोबर सस्पेन्शनही कमी प्रवासाचे दिले, ते उगीच नव्हे. चाके बदलण्याविषयीची ताकीद टायर बदलणाऱ्याला देणे अप्रस्तुत आहे. माप मात्र जपावे. एक्सपल्सला मागे 120/80-18 ऐवजी दुकानात सहज मिळणारा 100/90-18 चढवला तर व्यास सुमारे 649 वरून 637 मिलिमीटरवर येतो. फरक 2 टक्क्यांच्या आतच आहे, पण टायर त्या रिमसाठी अरुंद पडू शकतो आणि त्याची भारक्षमताही कमी असू शकते.

विम्याबाबतची भीती निराधार आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चा रोख नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरतील अशा बदलांवर आहे. कंपनीने सांगितलेल्याच मापाचा, तेवढाच किंवा अधिक भार आणि वेग पेलणारा टायर बसवणे म्हणजे झिजणारा भाग बदलणे होय. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 94 दुचाकीच्या टायरची खाच किमान 0.8 मिलिमीटर असावी असे सांगतो. अडचण आलीच तर ती झिजलेल्या टायरमुळे येण्याचा संभव अधिक, आणि सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर रोज धावणारा नॉबी टायर त्या रेषेपाशी लवकर पोहोचतो. मागचा मध्यभागी सपाट होतो, पुढच्याचे ठोकळे एका बाजूने करवतीसारखे झिजतात आणि घोंगावू लागतात. पैसे वाया जाण्याचा मुद्दा यातच निकाली निघतो.

ज्यांचे सुट्टीचे दिवस खरोखर कर्जत-मुरबाडकडच्या मातीच्या वाटांवर जातात, त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो. बाकीच्यांनी टायर घेताना बाजूवरील खुणा स्वतः वाचाव्यात: 54 हा भारांक 212 किलो दर्शवतो, ‘पी’ हे अक्षर ताशी 150 किलोमीटरची मर्यादा सांगते, आणि शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा व वर्ष देतात. फिरण्याच्या दिशेचा बाण तपासावा. रिम ट्यूबची असेल तर नव्या टायरबरोबर ट्यूब आणि रिमच्या आतली पट्टीही नवी घालावी, कारण जुनी ताणलेली ट्यूब आत दुमडून पुन्हा पंक्चर होते. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले शंभरेक किलोमीटर जपून चालवावे लागते. मुंबईत मॉन्सून येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून असल्याने हे काम मे महिन्यातच उरकून, ते किलोमीटर कोरड्या रस्त्यावर पूर्ण करणे उत्तम.