रीसेट पिनला जोडलेलं लाल बटण म्हणजे इमर्जन्सी स्टॉप नव्हे

घरी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशिन) बांधणाऱ्या नागपूरकरांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज सारखा फिरतो आहे: लाल मशरूम बटण आर्डुइनोच्या (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलर बोर्डच्या) अबॉर्ट म्हणजे रीसेट पिनला जोडलं की इमर्जन्सी स्टॉप झाला, कॉन्टॅक्टरचे (कॉइलवर चालणाऱ्या वीज तोडण्या-जोडण्याच्या स्विचचे) पैसे कशाला घालवता, होम स्विच (अक्षाच्या टोकाचा स्विच) एनओ, म्हणजे एरवी उघडा आणि दाबल्यावर जुळणारा, असा जोडा, उगाच अलार्म येत असतील तर हार्ड लिमिट (टोकाचा स्विच लागताच मशिन थांबवणारी सोय) बंद करा. तसं जोडलं तर मशिन चालतं, म्हणून लोक भरवसा ठेवतात.

आधी बटणाचं बघू. जीआरबीएल या आर्डुइनोवरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये आर्डुइनो ऊनोची ए० पिन अबॉर्टची. ती लागली की अक्ष हलवणाऱ्या स्टेपर मोटरचे पल्स थांबतात. पण बिट फिरवणारा ट्रिम राउटर भिंतीतल्या सॉकेटवर असेल, आणि छंदाच्या मशिनवर बहुधा तसाच असतो, तर त्याला याचा पत्ताच नसतो. टेबल थांबतं, बिट सागवानात जागच्या जागी फिरत राहतो आणि धूर निघतो. कंट्रोलर हँग झाला असेल तर टेबलही थांबेलच असं नाही. बटणाची वायर आधीच तुटलेली असेल तर ते कळतं नेमकं बटण मारल्यावर.

हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर काम केलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल: मशरूमचा एनसी (एरवी जुळलेला, दाबल्यावर उघडणारा) कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये, हिरवं स्टार्ट बटण एनओ, आणि त्याला पॅरलल कॉन्टॅक्टरचाच १३-१४ हा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट. स्टार्ट दाबलं की कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो. मशरूम मारलं, वायर तुटली किंवा लाइट गेली, की सुटतो. राउटर आणि स्टेपर मोटरची एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दोन्ही याच कॉन्टॅक्टरमागे घ्या. मशरूम फिरवून सोडलं तरी स्टार्ट दाबेपर्यंत काही सुरू होत नाही. भर उन्हाळ्यात दुपारी लाइट जाऊन परत येते तेव्हा, स्विच चालूच राहिलेला राउटर आपोआप घुमू लागत नाही, हा आपल्याकडे मोठाच फायदा. मेसेजवाल्यांची अबॉर्ट पिनही वाया जात नाही: मशरूममागे एनओचा दुसरा ब्लॉक बसवा आणि तो ए० ला द्या. वीज तोडायचं काम मात्र एनसीनेच करायचं.

होम स्विच एनओ ठेवला तर पिन फक्त आतल्या २० ते ५० किलोओहमच्या पुल-अपवर (पिन वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरवर) तरंगते, आणि राउटरच्या ब्रशचा नॉइज तिला सहज हलवतो. एनसी केला की एरवी ती सरळ ग्राउंडला बांधलेली असते. त्यासाठी जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $५=१ करा (लिमिट पिनचा अर्थ उलटा होतो); एका अक्षाच्या दोन टोकांचे स्विच मग सिरीजमध्ये. तपासायचं तर मशिन उभं असताना एक्सच्या स्विचची वायर टर्मिनलमधून ओढा आणि जीआरबीएलला प्रश्नचिन्ह (?) पाठवा. स्टेटसमध्ये एक्स दिसायला हवा. एनओवर वायर ओढून बघा, काहीच दिसणार नाही.

हार्ड लिमिट बंद करण्याच्या तिसऱ्या सल्ल्यावर फार बोलायची गरज नाही. खोटे अलार्म हे नॉइजचं लक्षण. शील्डेड केबल घ्या, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. $२१=० करून (हार्ड लिमिट बंद करून) उरते ती फक्त सॉफ्ट लिमिट, म्हणजे मोजलेल्या स्टेपवरून ठरवलेली हद्द, आणि स्टेप चुकली की तिचा हिशोबही चुकतो.

राउटरऐवजी स्पिंडल मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर कॉन्टॅक्टर व्हीएफडीच्या आधी घ्या. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे टाकला तर चालू लोडवर सुटताना ड्राइव्ह उडू शकतो.