बाथरूममधली खोकी आणि आप्पांची फाईल

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी तो फोटो परत टाकला, ट्रम्पच्या फ्लोरिडातल्या घराच्या, मार-ए-लागोच्या बाथरूमचा. वर झुंबर, शेजारी कमोड आणि शॉवरपाशी रचलेली खोकीच खोकी. खाली हसऱ्या इमोजींची रांग. 2023 मध्ये पहिल्यांदा बघितला तेव्हा मीपण हसले होते. आज नाही हसू आलं, कारण कालच आईकडे माळा आवरताना आप्पांचं पेन्शनसाठी लागलेलं ना-देय प्रमाणपत्र सापडलं.

आप्पा रेकॉर्ड रूमला क्लार्क. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, धूळ, आणि फाईल कोणी नेली, कधी आणली याचं एक जाडजूड रजिस्टर. सहीशिवाय कागद हलायचा नाही. फक्त एकदा, आप्पा रजेवर असताना, साहेबांचा फोन आला आणि शिपाई एक फाईल तशीच बंगल्यावर देऊन आला. रिटायर व्हायच्या वेळी तीच सापडेना. कारणे दाखवा नोटीस कोणाला? आप्पांना. 11 महिने पेन्शन अडकली, आणि ताईचं लग्न तोंडावर.

आता अमेरिकेत बघा. तिथला 1978 चा कायदा सांगतो की राष्ट्राध्यक्षाचे कागद देशाचे, त्याचे नाहीत. ट्रम्प जानेवारी 2021 ला पायउतार झाला, नॅशनल अर्काइव्हज (म्हणजे तिथली सरकारी रेकॉर्ड रूम) मागून मागून थकली तेव्हा वर्षभराने 15 खोकी दिली. त्यात गोपनीय कागद निघाले म्हणून समन्स, मग जून 2022 ला वकिलांनी 38 कागद दिले आणि लिहून दिलं की नीट शोधलं, हेच आहेत. ऑगस्टमध्ये एफबीआय घरात शिरली तर अजून शंभराच्या वर!! आरोप असा की मधल्या काळात नोकराकरवी खोकी हलवली, वकिलालाच सापडू नयेत म्हणून. नोकर, म्हणजे परत शिपाईच.

हो, असे कागद बायडनच्या गॅरेजमध्येपण सापडले, ट्रम्पचा तेव्हाचा उपाध्यक्ष पेन्सच्या घरीपण. माहितीये. त्यांनी स्वतःहून कळवलं आणि परत केले, तरी बायडनला 'म्हातारा आहे, विसरतो' छापाच्या रिपोर्टवर सोडलं हे मलाही पटलं नाही, बास. आणि ट्रम्पवर गुन्हा सिद्ध झाला नाही हेही खरं, पण सिद्ध व्हायला खटला उभा तर राहायला पाहिजे ना? 40 आरोप, आणि जुलै 2024 मध्ये जज कॅनन बाईंनी (नेमलेल्या कोणी? ट्रम्पनीच) केस काढून टाकली, का तर सरकारी वकील जॅक स्मिथची नेमणूकच घटनेत बसत नाही. कागद घरी का ठेवले हा प्रश्न राहिला बाजूला! सरकारने अपील केलं तोवर ट्रम्प निवडून आले, मग अपीलही मागे. फेब्रुवारी 2025 ला एफबीआयने जप्त केलेली खोकी परत केली आणि ती एअर फोर्स वनमधून फ्लोरिडाला गेली. सरकारी विमानातून हो, पाहुण्यासारखी.

आणि रिअॅलिटी विनर नावाची एक पोरगी, एक गोपनीय रिपोर्ट पत्रकारांना पाठवला म्हणून 63 महिन्यांची शिक्षा. ती लीक होती, हे घरी ठेवणं होतं, फरक आहे, कळतो मला. तरीपण.

न्यू जर्सीची मैत्रीण म्हणाली, अगं जाऊ दे, संपली ना केस. तिला काय उत्तर देणार, मला माळ्यावरचा तो पिवळा कागद दिसत होता.

आप्पांची फाईल शेवटी मिळाली. साहेबांची बदली झाली, बंगला रिकामा करताना रद्दीत निघाली. साहेबांना कोणी एक शब्द विचारला नाही. आप्पा पेन्शनच्या कामाला ऑफिसात गेले होते, तिथल्या नवीन पोराने रजिस्टर पुढे केलं, म्हणाला काका, तुम्हीच नोंद करा. घरी आल्यावर मी चिडून विचारलं, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंत ना, कोणाकडे सापडली ते?

"लिहिलं की. 'प्राप्त.'" म्हणाले, आणि चहा मागितला.