शिकलेला माणूस आवक-जावकला

आज बदल्यांचे आदेश निघाले. आमचे दादा आवक-जावकला. डबा तसाच ठेवून लिहायला बसलेय, भाषा घसरली तर सांभाळून घ्या.

दादा आमचे माहिती सुरक्षा अधिकारी. मूळ टेबल लेखा शाखेचं, हा अतिरिक्त कार्यभार. तरी माणूस दिल्लीला जाऊन ‘सायबर सुरक्षित भारत’चं प्रशिक्षण घेऊन आला, जाड वही भरून. आल्या आल्या त्यांनी एक केलं. बॅकअपची हार्डडिस्क बारा महिने सर्व्हरलाच डकवलेली असायची, ती काढली. दर शुक्रवारी बॅकअप घ्यायचा, डिस्क कापडी पिशवीत घालायची आणि मागच्या इमारतीतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद. आम्ही हसायचो. “दादा, सोनं आहे का त्यात?” ते म्हणायचे, “रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला की सर्व्हरबरोबर जोडलेली डिस्कपण जाते गं, ताई.”

२०२२च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर तेच संकट आलं. देशातलं एवढं नावाजलेलं रुग्णालय दोनेक आठवडे कागद-पेनावर चाललं. तेव्हापासून पिशवीला हसणं बंद झालं.

आता सांगा, हे कळणाऱ्या माणसाला टपालावर शिक्के मारायला बसवायचं? सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा नियम आहे, हल्ला कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं, लॉग म्हणजे यंत्रणेत काय काय झालं त्याच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. नवीन माणसाला लॉग म्हणजे काय ते समजेपर्यंत ६ तास होऊन जातील! त्यांची चूक नाही, बिचाऱ्यांना आदेश वाचूनच कळलं. पुन्हा नाव पाठवा, पुन्हा प्रवासभत्ता, पुन्हा प्रमाणपत्रासोबत फोटो. आणि तीन वर्षांनी पुन्हा बदली.

हो, एका खुर्चीवर माणूस मुरला की काय होतं तेही बघितलंय. बदल्या हव्यातच. पण मग हाताखाली एक तरी माणूस आधी तयार करा ना. दादांनी दोनदा टिपणी ठेवली होती. “चर्चा करावी” असा शेरा मारून परत आली. चर्चा झालीच नाही.

असो. चिडून काय होणार. दुपारी दादा वही घेऊन नव्या साहेबांकडे बसले होते, पानं उलटून उलटून समजावत होते. राग नाही की काही नाही. मलाच कसंतरी झालं.

कार्यभार यादीत शेवटी लिहिलंय, ‘कपाटाची किल्ली, १ नग’. साहेबांनी सही केली आणि किल्ली शिपायाकडे दिली. उद्या शुक्रवार आहे.