पर्सेंटाइल आले? आधी मामाला बोलवा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला ना? छान. आता पोरीला काहीही विचारू नका. आधी मामाला फोन करा, मग ज्यांचा मुलगा कधीतरी इंजिनिअर झाला त्या शेजारच्या काकांना.

पर्सेंटाइलला टक्केच म्हणायचं. 93 पर्सेंटाइल म्हणजे 200 पैकी 186 मार्क, बिनधास्त सांगून टाका. खरं तर तिच्या शिफ्टला बसलेल्या दर शंभरातले 93 जण तिच्याइतक्या किंवा त्याहून कमी मार्कांवर होते एवढाच त्याचा अर्थ, पण हे समजून घेत बसलात तर "बाकीचे सात कुठे घालवलेस" म्हणून ओरडणार कधी?

दशांशापुढचे सातही आकडे पाठ करा. लग्नात विचारतात.

प्रश्नच चुकीचा वाटला तर हरकत घ्या, प्रश्नाला 1000 रुपये. 2025 ला एका शिफ्टच्या इंग्रजी माध्यमाच्या पेपरात गणिताच्या 50 पैकी 21 प्रश्नांचे पर्याय चुकले आणि पोरांना 5 मेला परत बसवलं. तेव्हा पैसे जरा जास्तच बाजूला ठेवा.

बारावीचं टेन्शन नाही, ओपनला 45 टक्के पुरतात, ज्युनिअर कॉलेजचं गेट नाही बघितलं तरी हजेरीचं क्लासवाले बघून घेतात.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि ब्रांचच्या पसंतीची क्रमवार यादी. हा मामानेच भरायचा. आमच्याकडे तसंच झालं. पोरीने वहीत पेन्सिलने यादी केलेली, कॉलेजचे कोड, गेल्या वर्षीचा कटऑफ, वरती सगळीकडे सिव्हिल, खोडून खोडून कागद फाटायला आलेला. मामा आले, चहा घेतला, कप त्याच वहीवर ठेवला आणि म्हणाले सिव्हिलमध्ये काय ठेवलंय, कॉम्प्युटर टाका, एक नंबरला टाका, कॉलेज कुठलं का असेना, सीट पक्की होऊ दे, नंतर बेटरमेंट करू, म्हणजे पुढच्या राउंडला याहून चांगली सीट घेऊ. बेटरमेंट म्हणे! अहो 2025 पासून प्रवेशाचे चार राउंड झाले एवढंच ऐकलं होतं यांनी, पण पहिल्या राउंडला एक नंबरचंच ऑप्शन लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या राउंडला उभंसुद्धा करत नाहीत, हे वाचायचं तेवढं राहिलं. आणि लागलं ना तेच! जे कॉलेज तिच्या यादीत शेवटच्या पानावरसुद्धा नव्हतं ते. मामा पेढे घेऊन आले. पोरगी आतल्या खोलीत, दार लावून, आणि हे बाहेर विचारतायत पॅकेज किती मिळतं तिथे.

आणि मामाला तरी किती बोलू? ओटीपी माझ्या मोबाईलवर आला होता. कन्फर्मचं बटण मी दाबलं. ती मागे उभी राहून "बाबा एक मिनिट थांबा ना" म्हणत होती आणि मी म्हटलं, तुला काय कळतंय.

तुमचा फॉर्म अजून कन्फर्म व्हायचाय ना? मग हसताय काय वाचून? तो मोबाईल द्या तिच्या हातात. रात्री दोन दोनपर्यंत मॉक टेस्ट तिने दिल्यात, चार वर्षं त्या वर्गात तीच बसणार आहे. ज्यांना पर्सेंट आणि पर्सेंटाइलमधला फरक कळत नाही त्यांनी पोरांच्या ब्रांचवर तोंड उघडू नये, चहा प्यावा आणि घरी जावं.

मामांचा काल फोन येऊन गेला, धाकटीची बारावी पुढच्या वर्षी ना म्हणून. उचलला नाही.